रेणूचा अंगठा

खोटं बोलन तं जीभ झडो, अक्षर न् अक्षर खरं हाय! अंजनगावात रेशनच्या रांगेत जाईबाईचा अंगठा मशीनले तिसऱ्यांदा पटला नाही. अंगठ्याबिगर धान्य नाही. संगं पुण्याहून आलेली नात होती, प्रियदर्शनी.

"आजी, कापूस वेचू वेचू रेषा घासल्या तुह्या."

"अन् तू काय करून राहिली पुण्यात?"

"आमी आभायातले रेणू ओळखतो."

"कोन रेणू? अकोटची?"

"नाही वं! रेणू म्हंजे वायूचा बारीक कण. त्याच्या उजेडात रेषा असतात, अंगठ्यासारख्या. आमच्याजवळ साऱ्यायची यादी हाय. तिच्यासंगं जुळवतो."

"इतक्या लांबचा अंगठा कळते, अन् माहा टेबलावरचा कळत नाही?"

"आमची बी एखादी रेष जुळत नाही कधी कधी."

"मंग रेणूले उपाशी ठेवता?"

"नाही वं. त्याच्याच दुसऱ्या रेषा पाहतो."

जाईबाई दुकानदाराकडे वळली.

"आयकलं का रे भाऊ? माही नऊ बोटं बाकी हायेत. नाही जुळलं तं पायाची धा!"

अन् तिनं टेबलावर पायच ठेवला.

"हाताचंच लाव, माय!"

तिनं करंगळी लावली. मशीन लगेच बोलली, धान्य भेटलं.

बरं बाप्पा, पाय तेवढा माह्या पदरचा. करंगळी मातर खरीच जुळली.