नरहरदादाचा गार पत्रा

...आतलं जातं कुठं? एवढंच विचारलं होतं मी. सरळ प्रश्न. शिवी नाही, काही नाही, निदान पहिल्यांदा विचारलं तेव्हा तरी नाही. आत जे असतं ते जातं कुठं, सांगा. दादाला विचारलं तर तो हसला, दादाच्या सरांना विचारलं तर ते घाम पुसायला लागले, हणमंतकाकांना विचारलं तर त्यांनी गीता काढली, आणि तुम्हाला सांगतो, कुणी गीता काढली की माझं डोकंच फिरतं, कारण मी आठवीतच मुक्काम ठोकलेला माणूस, मला 'हो' किंवा 'नाही' किंवा 'अमक्या गल्लीत' असं उत्तर लागतं.

आता तुम्ही म्हणाल, कशाच्या आतलं? ऐका.

मी अंबाजी. हैदराबादेत, अंबरपेठेत माझं पंक्चरचं दुकान आहे, दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, एक पाण्याचं टोपलं आणि वर ताडपत्री. आमचे वडील सरकारी नोकरीत होते, ते गेल्यावर दादा शिकत राहिला आणि मी मारामाऱ्या करत राहिलो, म्हणजे घरात कुणीच रिकामं बसलं नाही. दादा, नरहर, एका प्रयोगशाळेत पांढरी पूड करायचा. हौ, पूड. एवढी वर्षं शिकून पूड. आणि कसली? पोकळ. थर्मोकोलच्या जातीचे मणी घ्यायचे, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी बसतील, त्यांच्यावर काचेचा पातळ थर चढवायचा आणि मग भट्टीत ठेवायचे. आतला मणी जळून जातो, बाहेरचं टरफल उरतं. झाला पोकळ गोळा. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मी म्हटलं, "दादा, आधी आत काहीतरी घालायचं, मग ते जाळायचं, मग काही नाही म्हणून खूश व्हायचं, याचा तुला पगार देतात?"

तो म्हणाला, "अंब्या, त्या रिकाम्या जागेलाच किंमत आहे. आत औषध भरलं तर दुखतं तिथंच जाऊन सुटेल. रंगात घातलं आणि पत्र्यावर लावलं तर ऊन खाली उतरणार नाही. थर्मास असतो ना, तसं."

"मग तो जळालेला मणी जातो कुठं?"

हसला. आणि म्हणाला, "भट्टी हळूहळू तापवावी लागते बरं का. एकदम तापवली तर गोळे फुटतात. तुझ्यासारखं."

माझा हात उठला. उठतो हो तो, मी उचलत नाही. पाठीत एक बसली दादाला, आणि आई आतून ओरडली, "मारू नकोस रे त्याला, उद्या तो माझा पत्रा गार करणार आहे."

कारण आमच्या स्वैपाकघरावर पत्रा. एप्रिल-मेमधे त्या पत्र्याखाली आई भाकरी भाजते की भाकरी आईला भाजते, काय की. आणि दादा रोज सांगायचा, "आई, एक चांगली खेप निघू दे, पहिला पत्रा तुझा."

तर ती चांगली खेप त्याने सकाळी भट्टीत ठेवली आणि दुपारी स्कूटरवरून जेवायला घरी यायला निघाला आणि उलट्या बाजूने लॉरी आली. झालं. एवढंच. दादा रस्त्यावर पडला होता तेव्हा ती भट्टी सांगितल्याप्रमाणे हळूहळू तापतच होती. तिला कुणी कळवलं नाही.

मी पोलीस ठाण्यात गेलो. हातात चाकाचा पाना. आवारात पिवळी लॉरी उभी. समोरची काच फोडली, दोन्ही दिवे फोडले, आरसा उपटला, दारावर एवढे घाव घातले की पाना वाकला, आणि मग एक हवालदार आरामात चहा संपवून बाहेर आला आणि तेलुगूत म्हणाला, "अदि कादु रा." म्हणजे ही नव्हे रे. ही चोरीच्या वाळूत पकडलेली. ती तिकडं, भिंतीमागं. आता मला सांगा, सगळ्या लॉऱ्या पिवळ्या रंगवायच्या आणि मग म्हणायचं ही नव्हे? मी भिंतीमागे गेलो, खरी लॉरी बघितली, आणि तिच्या बंपरवर... जाऊ द्या. वाकलेल्या पान्याने काही होत नाही. मी तिथंच खाली बसलो. हवालदाराने उरलेल्या चहातून अर्धा दिला. त्यालाही मारणार होतो, पण चहा गरम होता.

मग तेरावा. हणमंतकाका, वडिलांचे चुलतभाऊ, महसूल खात्यातून रिटायर, शहरातल्या प्रत्येक मयताला हजर. पंगत बसली, वरण वाढलं, आणि काकांनी सुरू केलं. "अंबाजी, बाळा, देह म्हणजे नुसतं टरफल. आतला तो निघून गेला."

मी म्हटलं, "कुठं?"

"तो अमर आहे."

"अमर आहे ते कळलं काका. कुठं गेला?"

"त्याला शस्त्र छेदत नाही, त्याला अग्नी..."

माझा हात उठला. अग्नी म्हणाले ना. काकांची कवळी निघाली आणि वरणाच्या पातेल्यात पडली. आतलं कुठं गेलं हे त्या एकाच वेळी सगळ्या पंगतीला स्वच्छ दिसलं. आईने मला घराबाहेर काढलं, कवळी पळीने काढली, धुतली, काकांना दिली आणि म्हणाली, "भावजी, त्याला भूक लागलीय, त्याने सकाळपासून खाल्लं नाही." असं कुठं असतं का? भूक लागली की माणूस काकांना मारतो? पण काका म्हणाले, "वहिनी, पोरगं आहे," आणि मागीलदारी माझ्यासाठी पान पाठवलं. दुसऱ्या पातेल्यातलं वरण. मी जेवलो. रडत जेवलो, मीठ लागलं नाही वरून.

आता खरं ऐका. महिन्याने प्रयोगशाळेतून निरोप आला, शोकसभा आहे, घरच्यांनी यावं. आईचा पाय उचलेना, मी गेलो. मोठा हॉल, एसी, पडद्यावर चित्र. मला वाटलं दादाचा फोटो असेल. दादाचा फोटो टेबलावर, एवढासा, हार घातलेला, आणि पडद्यावर गोळे. भिंतीएवढे पोकळ गोळे, त्यातला एक फुटलेला, म्हणजे आत काही नाही हे लांबच्या लोकांनाही कळावं. दादाचे सर उभे राहिले, डॉक्टर एकनाथराव, हिमायतनगरचे, तिसऱ्या पिढीचे हैदराबादी, अर्धं इंग्रजी आणि अर्धं उर्दू मिळून जे होतं त्याला ते मराठी म्हणतात. "नरहर वॉज अ जेम. त्याची ती लास्ट बॅच, क्या बोलूं, ब्यूटिफुल. एक पण शेल तुटला नाही." मग म्हणाले, आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू.

उभे राहिलो. आणि त्या शांततेत सरांचा मोबाईल वाजला.

तेव्हा मोबाईल म्हणजे काय, ऐकायलाही पैसे पडायचे, माणसाने उचललाच नसता. त्यांनी उचलला. कारण सरकारने तेव्हा सगळ्या प्रयोगशाळांना सांगून टाकलं होतं, आता आपलं आपण कमवा, आणि बाहेरच्या देशातली एक रंगाची कंपनी दारात आली होती. सर तोंडावर हात धरून हळूच बोलले, हळूच म्हणजे एसी हॉलमधे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं, "येस सर. सँपल इज रेडी. नो नो, नो डिले."

नो डिले.

माझा हात उठला. एक नाही, दोन्ही. दादाच्या फोटोवरचा हार काढला, सरांच्या गळ्यात घातला आणि दोन्ही टोकं धरून ओढला. आणि तुम्हाला सांगतो, मागच्या रांगांतल्या लोकांना वाटलं, मृताच्या भावाने गुरूंचा सत्कार केला. टाळ्या. कडकडून टाळ्या. सरांचे डोळे बाहेर येतायत आणि एक बाई पदराने डोळे पुसतायत, "बघा, काय संस्कार." हाराचा दोरा कच्चा होता म्हणून सर वाचले. झेंडूची फुलं सगळीकडे. मोबाईल मी टाचेखाली घेतला. त्याच्या आत खूप काही होतं, सगळं बाहेर आलं.

मग धावलो तिथल्या दादाच्या खोलीत, कारण ते सँपल म्हणजे दादाची शेवटची खेप, आईच्या पत्र्याची. कपाटात बरणी होती, लोणच्याच्या बरणीएवढी, तिच्यावर दादाच्या अक्षरात नाव आणि तो गेला त्या दिवसाची तारीख, सकाळीच लिहून ठेवलेली. वॉचमन आडवा आला, त्याला ठोसा मारला, तो खाली वाकला, ठोसा भिंतीला बसला, बोट मोडलं. हे बघा, अजून सरळ होत नाही. पण बरणी आणली. शिगोशीग भरलेली, आणि वजन? नाही. स्मशानातून आणलेलं मडकं जड होतं हो. ही बरणी हातात आहे की नाही हे बघायला मला तीनदा खाली बघावं लागलं.

आता पूड आली, पण ती लावायची कशी? दादा असता तर... असता तर कशाला बोलतोय मी. गल्लीच्या तोंडाशी वाहिदभाईचं रंगाचं दुकान. त्याला विचारलं. तो म्हणाला, "मियाँ, महंगा रंग नक्को लेव. पत्रे पे चूना मारो, चूना सूरज को वापस भेजता. उसीच में मिला देव." पटलं. कळीचा चुना घेतला, पिंपात भिजवला, तो खदखदायला लागला, आणि त्याच्यात मी दादाची पूड ओतली, सगळी, बरणी विसळून तेही पाणी ओतलं. मोडक्या बोटाने सकाळभर पत्रा रंगवला. आई खाली चुलीपाशी बसून वर बघत होती, जसं काही पत्र्यातून मी दिसतोय.

आणि त्याच दुपारी दारात सरांची मारुती. गळ्याला पट्टा, हातात सफरचंदं. मला वाटलं पोलीस घेऊन आले असतील, पण एकटेच होते. आईसमोर जमिनीवर बसले. वर तो पत्रा. घामाच्या धारा. म्हणाले, "माँजी, ती बॉटल द्या. तशी खेप परत निघत नाही, आम्ही खूप कोशिश केली. नरहरचा हातच वेगळा होता. ती गेली तर त्याचं सगळं काम गेलं, त्याचं नाव गेलं."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी बोट वर केलं. मोडलेलं.

"काय?" सर म्हणाले.

"वर आहे."

सरांनी पत्र्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "कशात मिलावलं?"

"चुन्यात."

तुम्हाला सांगतो, हार ओढला तेव्हासुद्धा त्यांचं तोंड इतकं पांढरं झालं नव्हतं. "चुन्यात? अरे अंबाजी, चुना काच खातो रे. इतक्या पतल्या शेलला तर... खाऊन टाकलं असेल ते सगळं. काही बाकी नसेल." आणि मान खाली घालून बसले.

मी वाट बघत होतो. हात उठायची. उठला नाही. बाहेर जाऊन त्यांच्या मारुतीच्या चाकाची हवा तेवढी सोडून आलो, काहीतरी करायला पाहिजे म्हणून.

परत आलो तर आई पाटावरून उठली होती. पत्र्याखाली बरोबर मधोमध उभी. तोंड वर, डोळे मिटलेले. म्हणाली, "गार वाटतंय हो. नाही का, डॉक्टर? कालच्यापेक्षा पुष्कळ गार."

आता हा माणूस शास्त्रज्ञ. खोटं बोलायची बंदी असते म्हणे त्यांना. सदरा अंगाला चिकटलेला, पट्ट्याखालून घाम गळतोय. त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "हौ माँजी. मस्त ठंडा आहे. नरहरने बोलला होता तसाच."

त्या माणसाचा गळा मी आवळला होता.

चाकात हवा मीच भरली परत. पंपाचा आवाज चालू असताना विचारून टाकलं, "सर, तुम्ही इतके शिकलेले. तो मणी जळाला, आतलं गेलं कुठं?"  त्यांना माहीत असणार, हो, धूर, हवा, काहीतरी असणारच. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं. रुमाल काढला, घाम पुसायला लागले. गाडीत बसले आणि गेले.

तर तेव्हापासून ही अशी दशा. आई सगळ्या अंबरपेठेला बोलावते. "या, बसा जरा, आमच्या नरहरचा पत्रा आहे." हणमंतकाका कवळी सांभाळत येतात, बसतात, माझ्या हाताकडे बघतात आणि म्हणतात, "महाबळेश्वर आहे वहिनी." आणि पत्रा? पत्रा तसाच तापतो हो. चुन्याने जो काही फरक पडतो तो पडतो, वाहिदभाईच्या दुकानात मिळतो तेवढाच. भर दुपारी वर हात ठेवला तर कातडी निघते.

म्हणून मी रोज जेवणाच्या वेळेआधी दुकान बंद करतो, मागच्या भिंतीवरून पत्र्यावर चढतो, गोणपाटं पसरतो आणि त्यांच्यावर पाणी ओततो. चोरासारखा. पाय न वाजवता. आई म्हणते, "मांजरं फार झालीत बाई वरती." मी म्हणतो, हो, झालीत.

कालचीच गोष्ट. मी वर, तळवे भाजतायत, आणि खाली आई शेजारच्या मालनबाईंना सांगत होती. मालनबाई म्हणाल्या, "अहो शांताबाई, अंगावर थेंब पडला माझ्या."

आई म्हणाली, "पडतो. रंगाला घाम येतो. आमचा नरहर फार कष्टाळू होता, त्याचा रंगही तसाच."

 आणि मान वर करून, जरा मोठ्याने म्हणाली, "या कोपऱ्यात अजून जरा ऊन लागतंय बरं का."

माझा हात उठला. उरलेली बादली त्या कोपऱ्यात ओतली.