सुखदेवच्या रानातलं यंत्र

कमलवहिनी, अन् विहारासमोर जमलेल्या मंडळींनो, मला भाषण येत न्हाई. सुखदेव तुम्हाला-आम्हाला सोडून गेला. पण मी रडायला उभा न्हाई राहिलो. मी त्याच्यापुढं हरलेला माणूस हाय, अन् आज ते ताठ मानेनं सांगायचंय.

त्याचं रान अन् माझं रान, मधी एक बांध. त्याच्या रानात शास्त्रज्ञ मॅडमनी भूकंपाचं यंत्र पुरलं. लांब कुठं धरणी हालली की तिच्या लाटा आपल्या खालून जातात. हे यंत्र त्या टिपतं. मी म्हणलो, कावून पुरू दिलंस बे? तर म्हणला, "कलिंगड न कापता वाजवून बघतोस ना? तसं हे न खोदता अख्ख्या भारतखंडाचं पोट बघायलेत."

अडचण माझ्याच मोटरीची होती, ती बांधाला लागून. आपण समदे मोटरीला ऑटो लावून मोकळे. लाईट आली की मोटर आपोआप चालू, अन् तिच्या हादऱ्यानं यंत्राची नोंद खराब. मॅडम म्हणल्या, दुसऱ्या गावाला न्यावं लागंल. सुखदेव माझ्याकडं आला. म्हणला, महिनाभर मोटर बंद ठेव. मी लई बोललो त्याला. बोलू नये ते बी बोललो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर सुखदेवनं त्याच्या लांबच्या विहिरीवरून पाईप टाकलेला, अन् पाणी माझ्या उसात. त्याची कपाशी माना टाकून उभी. मग मी कोणत्या तोंडानं मोटर चालू करू? बंद केली.

त्याच महिन्यात एका दूरच्या भूकंपाच्या लाटा आल्या अन् स्वच्छ उमटल्या. पुढं मॅडम नकाशा घेऊन आल्या. आपल्या काळ्या दगडाखाली खंडाचा थर किती खोल गेलाय, ते त्यात होतं. त्यावर एक ठिपका, आपलं गाव, तलवाडा. सुखदेवनं त्यावर बोट ठेवलं अन् नुसता हसला.

ज्याच्या आज्याला ह्या गावानं विहिरीवर चढू दिलं न्हाई, त्याच्या विहिरीनं माझा ऊस जगवला. त्याच्या रानातनं खंडाचं पोट कळलं. सांगा मंडळी, कोण जिंकलं? सुखदेव जिंकला. लई मोठा जिंकला.

यंत्र हाकेच्या अंतरावर अजून चालू हाय. आता दोन मिनिटं उभं राहू. पाय हलवू नका, त्याची नोंद खराब नको.

त्याआधी एक राहिलंय. जन्मभर तो मला जय भीम म्हणायचा, अन् मी नुसती मान हलवायचो. आज सगळ्यांदेखत म्हणतो.

जय भीम, सुखदेव.