एल्विन ‘हो’ म्हणाला

नाही हो बाई, सोळा नाही — अठरा. तुमच्या विधानसभेच्या कागदावर चुकीचं लिहिलंय. एल्विन पेल्की, अठरा वर्षं आमदार, दर दोन वर्षांनी एक अशा नऊ निवडणुका — पहिली जिंकला तेव्हा मीच कोट शिवून दिला होता, बाह्या आखूड झाल्या, तरी वर्षभर तोच घालून हिंडला. भाऊच ना माझा, पाठचा. दुखवट्याचा ठराव म्हणे! जिवंत होता तेव्हा तिकडून एकाचं पत्र नाही — तुम्हाला नाही म्हणत मी, तुम्ही बिचाऱ्या एवढ्या बर्फातून राजधानीहून, माँटपेलिअरहून आलात. बसा.

गावात विचाराल तर सांगतील, एल्विननं शाळा घालवली. खरंय. गावसभेत छातीवर हात ठेवून म्हणाला होता, आपली शाळा बंद होऊ देणार नाही — आणि तिकडं विधानसभेत मताला नाव पुकारलं, तर ‘हो’ म्हणाला. बावीस पोरांची शाळा, लागलं कुलूप. का म्हणाला? माझ्यामुळं. हे कुणाला ठाऊक नाही. माझा नवरा, क्लाइड, ह्याच स्वयंपाकघरात कोसळला — अ‍ॅम्ब्युलन्सला पन्नास मिनिटं लागली, तोवर सगळं आटोपलं होतं. मातीच्या दिवशी मी एल्विनची कॉलर धरली, म्हटलं, ‘आमदार ना रे तू? मग एक अ‍ॅम्ब्युलन्स आण ह्या खोऱ्यात, काय वाट्टेल ते कर!’ — तर त्यानं केलं. तिथल्या पुढाऱ्यांनी अट घातली, लहान शाळा बंद करायच्या कायद्याला मत दे, गाडी घेऊन जा. गाडी आली. आता सात मिनिटांत कुठंही पोचते.

आणि मी काय केलं? — मी त्या शाळेत पोरांचं जेवण करायचे, एकवीस वर्षं. काम गेलं. पुढच्या गावसभेत लोक त्याला नाही नाही ते बोलले — ‘आमची पोरं देऊन काय मिळवलंस रे, एल्विन?’ — त्यानं माझं नाव नाही घेतलं. नुसतं पाहिलं माझ्याकडे. एकदाच. मी उठून एक वाक्य बोलले असते ना — पण मी विणकाम काढलं अन् खाली मान घालून बसले. आणि नोव्हेंबरात निवडणुकीला मत — नको, ते नको. — बरं, दिलं. त्याच्या विरोधात दिलं, ह्याच हातानं. अकरा मतांनी पडला.

मग चार वर्षं बोलणं नाही. ओढ्यापलीकडंच तर घर, धुराडं दिसतं इथून. धूर दिसला की म्हणायचे, आहे बरा, अन् भांडी घासायला घ्यायचे. गेल्या गुरुवारी मेपलच्या झाडांचा रस आटवायच्या खोपीत सकाळीच पडला. टपालवाली आली दुपारी दोनला. तिनं फोन केला — सात मिनिटांत गाडी हजर. बघा ना, सातच मिनिटांत! पण फोन करायला तिथं माणूस नको का कुणी? धूर निघत होता हो, खोपीतनं सकाळभर धूर निघत होता — मी ह्या खिडकीशी उभी, म्हटलं, आहे बरा.

— लिहून घेताय? नका लिहू. मंगळवारी गावसभा आहे, मीच उठून सांगीन म्हणते, सगळ्यांदेखत — पण आता सांगून तो थोडाच —

उठा, बाई. निघा तुम्ही.