दोनशे वर्षांची भिंत

चहा होईस्तोवर ऐका. मी तिकडं इटलीत नोकरीला, तर म्हटलं अप्पा-आईला उन्हाळ्यात येऊन राहायला डोंगरातल्या एखाद्या गावात घर घेऊन टाकावं. गेल्या मे महिन्यात दोघांना औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून बोलावलं आणि एजंटासोबत एक घर बघायला नेलं. हातभर रुंद दगडी भिंती, समोर बर्फाचा डोंगर. आई तर थेट स्वयंपाकघरात शिरून कुठं काय ठेवायचं ते सांगायला लागली होती. अप्पा मात्र उंबऱ्याच्या बाहेरच उभे.

"अप्पा, आत या की."

"न्हाई. हितूनच दिसतंय सगळं."

एजंटाला वाटलं, घर जुनं म्हणून गिऱ्हाईक बिचकलं. भिंतीवर थाप मारून म्हणाला, "दोनशे वर्षं झाली, एक दगड हललेला नाही."

मी ते अप्पांना मराठीत सांगितलं.

"आपलाबी कुठं हालला होता?" अप्पा म्हणाले. "भूकंपाच्या पहाटेपर्यंत."

आई गुपचूप बाहेर येऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली.

"काय म्हणाले?" एजंटानं विचारलं.

मी म्हटलं, "लाकडाचं घर आहे का, विचारतायत."