नाही म्हणत नाहीत

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंप्याचे कान शेजारच्या दोघी मैत्रिणींकडे लागले होते.

“सासरे काय शिकवायचे गं तुझे?”

“प्रजासत्ताकाच्या विचारांचा इतिहास. धनी कितीही प्रेमळ असला तरी गुलाम तो गुलामच, हे त्यांचं आवडतं वाक्य.”

“मग घरात तुला मोकळीकच!”

“अगदी! आजवर कशालाच नाही म्हणाले नाहीत.”

“नशीब काढलंस, बाई.”

“हो ना. फक्त आधी विचारायचं.”

आतून सुनेला हाक आली.

“जा की!”

“थांब, दात काढू का, ते फोन करून विचारते त्यांना.”

“नाही म्हणाले तर?”

“छे! ते कुठले नाही म्हणतायत?”

फोन वाजत राहिला.

“उचलत नाहीत गं. झोपले असतील.”

सून गाल धरून परत बसली, आणि शिंप्याचा नंबर आधी लागला.