दाजीची अर्धी राहिलेली गजाल

मंडळी, बसून घ्या. दाराशी उभे आहात त्यांनीही आत या, बाकं रिकामी आहेत.

मला बोला म्हणालात. काय बोलू? या गावात चार माणसं जमली की बोलायचं काम दाजीचं. देवळात असो, किनाऱ्यावर असो, हातात नारळ घेऊन तो उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि साऱ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा. प्रत्येक मागण्याला थांबायचा. आणि आपण सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा.' आयुष्यभर आपण एवढंच केलं. तो बोलला, आपण होय म्हटलं. आज तो त्या टेबलावर फोटोत गप्प आहे आणि उभा मी आहे. हे उलटं झालं हो. फार उलटं झालं.

याच खोलीत मी तुम्हाला कविता शिकवल्या. तुमच्यातल्या अर्ध्यांच्या मुलांनाही शिकवल्या. सकाळी माडांची सावली त्या भिंतीवर हलायची आणि तुम्ही सगळे एका चालीत म्हणायचात, आणि बाहेरचा समुद्रही त्याच चालीत म्हणतोय असं मला वाटायचं. मी तसाच आहे, मला तसंच वाटतं. गेलेले दिवस म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे सगळं सोनेरी होतं. दाजी त्यावरून मला चिडवायचा. म्हणायचा, "मास्तराचो भूतकाळ सगळो साखरेचो. मुंगी लागतली रे एक दिस!"

लागली, दाजी. मुंगी लागली.

पण मला सांगायचंय ते या दोन वर्षांचं. तुम्हाला त्यातलं थोडंच ठाऊक आहे. तुम्ही हसलात त्याला. मीही हसलो.

दाजीचा मुलगा संजू बोटीवर होता, तो न्यूझीलंडला राहिला, तिथलीच मुलगी केली, हे तुम्ही जाणता. तो तिकडेच आजारात गेला, हेही जाणता. त्याची मुलगी इरा तेव्हा रांगत होती. तिला मराठी येत नाही, मालवणी तर नाहीच. दर रविवारी सूनबाई फोन लावून द्यायची आणि फोनच्या काचेत इकडे आजा आणि तिकडे नात एकमेकांकडे बघत बसायची. दाजीला आजचं इंग्रजी थोडं येत होतं. टुडे रेन. टुडे बांगडा. कॅट स्लीपिंग. फोन फिरवून मांजर दाखवायचा. पोर हसायची. झालं, संपला रविवार.

मग एका रविवारी पोरीने विचारलं. माझा डॅडी माझ्याएवढा होता तेव्हा काय करायचा?

दाजीला प्रश्न कळला. हेच वाईट झालं, कळला. रापणीचा, किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, म्होरक्या माणूस, समुद्रावर याचा आवाज दोन वाड्या पलीकडे जायचा. त्याने काय करावं? "रेंज गेली, रेंज गेली," म्हणत फोन बंद केला आणि तडक माझ्या अंगणात आला. चपलाही नव्हत्या पायात.

"मास्तर, माका इंग्रजीतलो काल शिकव."

"काल म्हणजे?"

"काल म्हणजे काल! आजचा माका येता. होऊन गेलेला सांगूक येणा नाय. नातीक तिचो बापूस कसो सांगू मी?"

मला कुठलं येतंय? मी कवितांचा मास्तर. मग आम्ही दोघे रोझी टीचरकडे गेलो. टीचर आज इथे बसल्या आहेत. आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली ही बाई, दोन म्हाताऱ्यांना पहिलीच्या पोरांसारखं पडवीवरच्या बाकावर बसवून घ्यायची. चर्चमधली मिसा आटपून आली की आमचा वर्ग. काल काय जेवलात, सांगा. काल कोण आलं होतं, सांगा. मी आपला बालपणीच्या चांदण्यात शिरायचो. टीचर म्हणायच्या, "मास्तर, चांदणें पुरे, माका काल बाजारांत काय घेतलें तें सांगा." आणि दाजी? दाजी मुका. ज्याला देवापुढे शब्द शोधावा लागला नाही, तो 'वेंट' म्हणताना घामाघूम व्हायचा. मधेच थांबायचा, हात चोळायचा, समुद्राकडे बघायचा. मला बघवत नसे. वय झाल्यावर माणसाला असं पुन्हा मुकं होताना पाहू नये, मंडळी.

एक दिवस टीचर वैतागल्या. म्हणाल्या, "दाजी, गाऱ्हाणां घालताना तू खंय अडकतस रे? थोडां बोलतस, थांबतस, लोक होय म्हणतत, परत बोलतस. तसांच बोल मरे!"

तो उठला. टोपी काढून हातात घेतली. पडवीच्या कडेला उभा राहिला आणि गाऱ्हाण्याच्या खड्या आवाजात पहिलं वाक्य घातलं. "माय सन संजू वॉज स्मॉऽऽल..." आणि थांबला. रस्त्यावरून आपली पारू टोपली घेऊन चालली होती. तिला इंग्रजीचं काय? तिने न थांबता, न बघता, सवयीने उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा!"

आम्ही हसून हसून बाकावरून पडायचे राहिलो. पारू, तू होतीस ना? तूच. रडू नको गो.

पण त्या दिवसापासून दाजीला गेलेलं सांगता यायला लागलं. पुढच्या रविवारी त्याने फोन खांबाला टेकवून ठेवला आणि नातीला पहिल्यांदा 'व्हय म्हाराजा' शिकवलं. मग गोष्ट सुरू केली. तो एक तुकडा टाकायचा, थांबायचा. तिकडून, त्या सात समुद्रांपलीकडून, बारीक आवाज यायचा, 'वय माराजा.' मग दुसरा तुकडा. दर रविवारी चार-पाच तुकडे. आठवडाभर आम्ही तेवढेच घोटायचो.

कुठली गोष्ट, कुठली गजाल? तुम्हाला सगळ्यांना ठाऊक असलेली. संजू इराएवढा होता, रापण ओढायला आला होता. रापणीची आपली रीत, दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. म्हातारा असो, पोर असो, वाटेने जाणारा असो. संजूने दोराचं शेवटचं टोक धरलं होतं. मासळी काढली, वाटे पडले, आणि संजू नाही. घरी नाही. विहिरीत वाकून पाहिलं, नाही. खाडीच्या तोंडापर्यंत माणसं गेली, नाही. होड्या घातल्या. त्याची आई वाळूत बसली ती उठेना. आणि दाजीने ओल्या वाळूत उभं राहून गाऱ्हाणं घातलं. आपण होतो तिथे. आपण होय म्हटलं होतं.

मग किनाऱ्यावर गोळा करून टाकलेल्या जाळ्याचा ढीग हलला. त्याखालून हा उठला. गाढ झोपला होता. अंगभर खवले, केसांत वाळू. आणि डोळे चोळत पहिलं वाक्य काय? "माजो वाटो खंय आसा?"

आठवतंय ना? हसताय ना? तेव्हाही हसलात. आई रडत होती, दाजी मारायला धावला होता आणि सगळा किनारा हसत होता.

आता ऐका. ही गोष्ट दाजीने नातीला जवळजवळ सगळी सांगितली. दोर सांगितला, वाटे सांगितले, विहीर सांगितली, खाडी सांगितली. होड्या घातल्या तिथपर्यंत आला. आणि थांबला. पुढच्या रविवारी पुन्हा होड्याच. त्याच्या पुढच्या रविवारी तो विहिरीपाशी परत गेला. पोर विचारायची, पुढे? हा म्हणायचा, नेक्स्ट संडे. शेवट त्याला येत होता. टीचरनी पक्का करून घेतला होता, मला पाठ झाला होता. मी चिडलो एकदा. म्हटलं, "अरे, पोर किती वाट बघेल? काढ त्याला बाहेर!"

दाजीने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मास्तर, तो गावलो की गजाल संपली. मगे तां चेडू विचारतला, फुडे काय झाला? फुडचा माका सांगूक व्हया. फुडे तो मोठो झालो, बोटीर गेलो, आणि..." इथे थांबला. "तिका ठावक आसा बापूस नाय तो. माकाय ठावक आसा. पण ह्या गजालीत तो अजून जाळ्याखाली निजलो आसा. त्येका मी कित्याक जागो करू?"

मी कवितांचा मास्तर. गेलेल्या दिवसांवर जन्मभर चाल लावली. गेलेलं इतकं जड असतं, हे मला त्या पडवीवर कळलं. आपल्या मराठीत, आपल्या मालवणीत आपण ते जड बोलणं कसंतरी चुकवतो. शब्द घसरून जातात, उसासा टाकला की भागतं. परक्या भाषेत एकेक शब्द उचलून ठेवावा लागतो. संजू लहान होता. संजू हसत होता. संजू होता. दाजीने ते एकेक उचललं. शेवटचा शब्द मात्र त्याच्याने उचलवला नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी चहा पिता पिता दाजीची मान कलली. इतकंच.

काल रविवार होता. फोनचा दिवस. टीचरनी सूनबाईला आधीच कळवलं होतं. संध्याकाळी टीचरच्या फोनवर पोरीचा आवाज आला, ध्वनिमुद्रित करून पाठवलेला. आजोबा गेले हे तिला सांगितलेलं आहे. ती रडलेली आहे, आवाज बसलाय. पण तिचा प्रश्न आजोबांबद्दल नाही. ती विचारते, माझा डॅडी सापडला का?

मग नुसती खरखर. आम्हाला वाटलं संपलं. आणि मग हळूच, उत्तराची वाट पाहून दमल्यावर, कुणीतरी पुढचा तुकडा टाकावा म्हणून ती स्वतःच म्हणते, "वय माराजा?"

टीचरनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "मास्तर, माझ्यान जायना." तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. माझ्यानेही झालं नाही. फोन तसाच आहे. उत्तर दिलेलं नाही.

देऊ. द्यावंच लागेल. पोर वाट बघतेय. येत्या रविवारी त्याच पडवीवर मी उभा राहीन आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत जाळ्याचा ढीग हलवीन. संजू उठेल, वाटा मागेल, पोर हसेल. आणि मग ती विचारेल, पुढे? दाजी, ते तू माझ्यावर टाकून गेलास. पुढचं माझ्याकडे इंग्रजीत नाही. मालवणीत नाही. ज्या कवितांवर जन्म काढला, त्यांतही मी काल शोधलं. नाही.

मंडळी, आता उभे राहूया. दोन क्षण गप्प राहूया. दाजी समोर उभा आहे, नारळ हातात आहे, घसा खाकरलाय आणि बोलत मात्र नाही, असं समजा.

सवयीने तोंडावर येईल. तरी एवढं ऐका माझं. आज कुणी 'व्हय' म्हणू नका. मागणारा बोललाच नाही, कशाला म्हणायचं?