सात नंबरची आई

मिफ्ताह : हळू बोल, पोरी. आई आत चहा करतेय. डोळ्यांनी कमी दिसतं तिला, पण कान अजून तिखट आहेत.

इंतिसार : मी हळूच बोलतेय, काका. तुम्हीच उत्तर देत नाही आहात. एक्क्याऐंशीचा हिवाळा, बेनगाझी, सुदानविरुद्धचा फुटबॉलचा सामना. आपण एक-शून्यने जिंकलो. गोल कुणी केला?

मिफ्ताह : सात नंबरने.

इंतिसार : ते वर्तमानपत्रातही आहे. त्या काळातले सगळेच कागद असे. तीनने अडवला, दहाने पुढे दिला, सातने मारला. खेळाची बातमी वाचतेय की पाढे पाठ करतेय, तेच कळत नाही.

मिफ्ताह : वरून हुकूमच होता तसा. रेडिओवर खेळाडूचं नाव घ्यायचं नाही. देशात नाव एकाचंच मोठं, सत्तेवरच्या नेत्याचं, बाकी आम्ही सगळे आकडे. बाजारात लोक मला 'ए सात' अशी हाक मारायचे. संत्रीवाला तर अजून मारतो.

इंतिसार : त्या दिवशी सात नंबरचा शर्ट तुमच्या अंगावर होता का?

मिफ्ताह : दर्न्याहून आलीस म्हणालीस ना? रस्ता कसाय आता? तो पूल झाला का परत?

इंतिसार : काका.

मिफ्ताह : नाही, पुरात किती काय वाहून गेलं तुमच्याकडचं, म्हणून विचारतो.

इंतिसार : आमचं घरच गेलं. माणसं वाचली, पण एक फोटो राहिला नाही. म्हणून तर वणवण करत फिरतेय. जुन्या खेळाडूंचं मंडळ मैदानाच्या भिंतीवर नावं रंगवणार आहे. त्रेपन्न साली अलेक्झांड्रियाला गेलेल्या पहिल्या संघापासून आजपर्यंत, देशासाठी ज्याने एक तरी गोल केला असा प्रत्येक जण. यादी माझ्याकडे आहे. त्या सामन्यासमोर नाव आहे मिफ्ताह बू-हलीगा. परवा रंगारी येतोय.

मिफ्ताह : मग झालं की. अडचण काय?

इंतिसार : मी अतिया अल-मन्सूरींची मुलगी.

मिफ्ताह : अतियाची? अगं, मग हे दारातच नाही का सांगायचं?

इंतिसार : दारात सांगितलं असतं तर आत घेतलं असतंत?

मिफ्ताह : तुला घेतलंच असतं. मी मागच्या दाराने गेलो असतो. ... कसा आहे तो?

इंतिसार : नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. फुप्फुसं गेली होती. जन्मभर ट्रक चालवला.

मिफ्ताह : अल्ला त्याला सुखात ठेवो. मला कुणी कळवलंही नाही. आणि मला कळवणार तरी कोण?

इंतिसार : ते म्हणायचे, देशासाठी मी एकच सामना खेळलो आणि एकच गोल मारला. आमच्या गल्लीत हसायचे लोक. 'अतियाचा गोल' म्हणजे थाप, असंच झालं होतं. कुणी म्हणालं, मी उंट विकत घेतोय, की दुसरा म्हणायचा, हो हो, अतियाचा गोल.

मिफ्ताह : पोरी...

इंतिसार : मंडळाला साक्षीदार हवाय. त्या दिवशी संघात असलेला कुणीतरी. मी चौघांचा शोध घेतला. दोघे वारले, एकाला काही आठवत नाही, एक इटलीत आहे आणि फोन उचलत नाही. तुम्ही उरलात. फक्त सांगा, सात नंबर कुणाच्या अंगावर होता?

मिफ्ताह : माझा घोटा सुजला होता. सकाळी सरावात मुरगळला आणि भोपळ्यासारखा टम्म फुगला. शर्टांचा एकच संच होता, हिरवा. मास्तरांनी माझ्या अंगावरून सात काढला आणि अतियाच्या हातात दिला. त्याचा चौदा मला दिला, बाकावर बसायला. बोललो बघ. झालं तुझं समाधान?

इंतिसार : असंच फोनमध्ये बोला, मी टिपून घेते. दोन वाक्यं.

मिफ्ताह : तुझ्या कानात सांगितलं तेवढं पुरे. फोनमध्ये नको. भिंतीवर नाव आलं की सगळं गाव वाचणार. आणि आत जी बसलीय ना चहापाशी, तिला या गावात काय म्हणतात माहितेय? सात नंबरची आई. नुसतं मब्रूका म्हटलंस तर पोस्टमनही घर दाखवणार नाही.

इंतिसार : त्यांना कधी सांगितलंच नाहीत?

मिफ्ताह : सांगणार होतो. तिसऱ्या दिवशी घरी पोचलो, तर दारात बायका टाळ्या पिटतायत, आणि मध्ये ही परातभर गव्हाच्या पिठाची असीदा घेऊन बसलेली, खजुराचा पाक ओतून. मुलगा जन्मला की करतात तशी. मी तोंड उघडलं, 'आई, अगं ऐक', म्हणेपर्यंत हिने घास कोंबला तोंडात. घास गिळला आणि शब्दही. मग उद्या सांगू, परवा सांगू. तेवढ्यात त्या गोलावर माझं लग्न ठरलं. सासरा म्हणाला, सात नंबर असेल तर मुलगी देतो. आता सांग, कुठल्या दिवशी सांगायचं होतं?

इंतिसार : तुमच्या आईने असीदा केली. माझ्या आजीने काय केलं, सांगू? तीही रेडिओपाशीच बसली होती. मुलगा चौदा नंबर, म्हणून नव्वद मिनिटं 'चौदा'ची वाट बघत. चौदा एकदाही आला नाही. तिला वाटलं, पोराला खेळवलंच नाही. बाबा नाचत घरी आले, आई, मी गोल केला! ती म्हणाली, बाळा, नाही खेळवलं तर नाही खेळवलं, पण आईशी खोटं बोलू नकोस, मी सगळं ऐकलंय.

मिफ्ताह : शर्ट बदलला होता, हे नाही सांगितलं त्याने?

इंतिसार : सांगितलं की. ती म्हणाली, आता एका खोट्यावर दुसरं नको. मरेपर्यंत सांगायची, माझा अतिया सोन्यासारखा, आयुष्यात एकदाच खोटं बोलला. बाबांना गल्लीतल्या हसण्याचं काही वाटायचं नाही. हे वाटायचं.

मिफ्ताह : गप्प. आली ती.

(मब्रूका चहाचा ट्रे घेऊन, भिंतीला हात लावत येते.)

मब्रूका : काय गं बाई, माझ्या पोराने तुला अजून गोल सांगितला नाही वाटतं. मी आतून कान देऊन होते, नुसती कुजबुज. घे, पहिला पेला कडक असतो. तिसरा घेतल्याशिवाय उठायचं नाही, त्यात शेंगदाणे आहेत.

इंतिसार : घेते, हज्जा. तुमचे कष्ट वाढवले.

मब्रूका : कष्ट कसले? खेळाबद्दल विचारायला या घरात कुणी आलं की मला बरंच वाटतं. मी सगळं ऐकलंय गं. ब्याऐंशीला त्रिपोलीत घानाशी पेनल्टीवर हरलो, तेव्हा दोन दिवस चूल पेटवली नाही. मग ती वर्षं, जेव्हा आपल्याला कुणी खेळायलाच बोलवेना. मग लढाया, आपलं मैदान आपल्यालाच बंद, पाहुण्यासारखं दुसऱ्यांच्या देशात जाऊन खेळायचं. आणि चौदा साली दक्षिण आफ्रिकेत त्याच घानाला पेनल्टीवरच हरवलं! त्या वेळी टीव्हीवरचा माणूस पोरांची नावं घेऊन ओरडत होता. प्रत्येकाचं नाव, बापाच्या नावासकट. मी रडले. मिफ्ताहला वाटलं जिंकलो म्हणून रडतेय.

मिफ्ताह : मग कशासाठी रडत होतीस?

मब्रूका : तुझं नाव असं कुणी घेतलं नाही म्हणून, मेल्या. नुसतं सात, सात. तुझ्या गोलाला मीच गल्लीत ओरडत सुटले होते, सात म्हणजे माझा मिफ्ताह! अनवाणी धावले होते गं. शेजारणीला मिठी मारली, तर तिच्या हातातलं पीठ माझ्या डोक्यावर. नवरा वारला, घर बदललं, दात गेले, पण त्या दिवसाला हात लागला नाही कशाचा. तू भिंतीवर लिहिणार आहेस ना? मला वाचता येत नाही, पण मी हात लावून येईन.

इंतिसार : हो. हात लावता येईल. ... काका, मी निघते.

मब्रूका : आत्ताच? अजून दोन पेले आहेत!

इंतिसार : लांब जायचंय, हज्जा. काका, यादी आहे तशीच ठेवते. राहू द्या. माझी आजी आता नाही, बाबाही नाहीत. इथे मात्र कुणीतरी हात लावायला येणार आहे.

मिफ्ताह : बस.

इंतिसार : मी मनापासून म्हणतेय.

मिफ्ताह : म्हणूनच म्हणतो, बस. आई, तो गोल माझा नाही.

मब्रूका : काय?

मिफ्ताह : माझा पाय सुजला होता. मी बाकावर होतो, चौदा नंबर घालून. सात नंबर या मुलीच्या वडलांच्या अंगावर होता. गोल त्यांनी केला. मी देशासाठी एकही गोल केलेला नाही, आई. कधीच नाही.

मब्रूका : चहा ओत. निवतोय.

मिफ्ताह : आई, ऐकलंस का?

मब्रूका : बहिरी नाही मी. ओत म्हटलं ना. ... तरीच. तरीच म्हणते मी, माझ्या पोटचा पोरगा, आणि त्रेचाळीस वर्षांत एकदाही त्या गोलाची फुशारकी नाही! लहानपणी दोन अंडी कोंबडीखालून आणलीस तर गावभर सांगायचास. मी किती वेळा म्हटलं, सांग ना रे, कसा मारलास? तू म्हणायचास, पाय आपोआप गेला. मला वाटलं, पोरगं लाजतंय.

मिफ्ताह : मला माफ कर.

मब्रूका : माफ काय कर? त्रेचाळीस वर्षं मला गल्लीतून मिरवत फिरवलंस! बायका मला लग्नात पुढे बसवायच्या. मटणाचा पहिला तुकडा मला! कुणाच्या जिवावर खाल्ला मी तो? शरम नाही वाटली?

मिफ्ताह : रोज वाटली.

इंतिसार : हज्जा, त्यांना नका रागवू. त्यांना तुमचा आनंद मोडायचा नव्हता.

मब्रूका : तू मध्ये पडू नकोस. हा पासष्ट वर्षांचा घोडा, मी नाही रागवायचं तर कुणी? ... तुझ्या वडलांना आई होती?

इंतिसार : होती. गझाला.

मब्रूका : रेडिओ होता तिच्याकडे?

इंतिसार : होता.

मब्रूका : म्हणजे तिने गोल ऐकला. मी ऐकला तोच, त्याच क्षणाला. मी धावले, आणि ती बसून राहिली. नंतर तरी कळलं ना तिला?

इंतिसार : बाबांनी सांगितलं. तिला ते खोटं वाटलं. शेवटपर्यंत.

मब्रूका : शेवटपर्यंत. अरे देवा. ... माझ्या रागाचं राहू दे रे मिफ्ताह, माझं काय गेलं? मला तर मिळालं, पोटभर मिळालं. तिच्या ताटातलं मिळालं. ती असीदा तिच्या चुलीवर शिजायची होती. पोरी, इकडे ये. हात दे. कुठे आहे ती?

इंतिसार : दर्न्याला. वरच्या कबरस्तानात. तिथवर पाणी पोचलं नाही.

मब्रूका : बरं झालं. मिफ्ताह, तू बाकावर होतास ना? डोळ्यांनी पाहिलास ना तो गोल?

मिफ्ताह : माझ्यासमोरून गेला तो. चार हातांवरून.

मब्रूका : मग आता पाय आपोआप गेला म्हणायचं नाही. नीट सांग, रेडिओवाला सांगायचा तसा. पोरी, तुझा तो फोन चालू कर. काय लागतं ते सगळं यात येईल ना?

इंतिसार : येईल, हज्जा. ... चालू आहे, काका.

मिफ्ताह : मी मिफ्ताह बू-हलीगा, अल-मर्जचा. त्या दिवशी मी खेळलो नाही. माझा शर्ट दुसऱ्याने घातला होता. सत्तर मिनिटं झाली होती, वारा आमच्या तोंडावर. दहाने चेंडू डावीकडे टाकला, सात नंबर धावला...

मब्रूका : नंबर नको. नाव.

मिफ्ताह : अतिया धावला. शर्ट त्याला मोठा होत होता, पोटाशी वाऱ्याने फुगलेला. अतियाने एकाला चकवलं, दुसरा घसरून पडला. आम्ही बाकावरून ओरडत होतो, दे, दे, मध्ये दे! त्याने नाही दिला. अतियाने डाव्या पायाने मारला, खांबाला आतून लागला, आणि गोल. तो धावत बाकाकडे आला, सगळ्यांच्या आधी माझ्याकडे. म्हणाला, बघ, तुझा शर्ट गोल करून आला. गोल अतियाचा. अतिया अल-मन्सूरी, दर्न्याचा, गझालाचा मुलगा.

इंतिसार : पुरे, काका. एवढं... एवढं पुरे मला.

मब्रूका : तुला पुरे असेल. मला नाही. मिफ्ताह, शेवटचं परत सांग. आणि जरा मोठ्याने बोल रे, दर्ना लांब आहे.